डिसेंबर, पुणे

बेझनबागेतलं आमचं घर
मे महिन्यात अकरा दिवस पुण्यात होतं.
बाहेर सेहेचाळीस,
आत डिसेंबर चालू, सगळ्यांना स्वेटर.
आवाज माइकमध्ये येतो म्हणून कूलर बंद,
खस वाळून कडकडीत,
आणि नटीच्या कपाळावरचा घाम टिपायला
एक मुलगा, नुसता तेवढ्याच कामाचा.

बाबा मोतीबागच्या वर्कशॉपात फिटर.
पीएफ काढून, रविवारी स्वतः विटांवर पाणी मारून
एकोणऐंशी साली उभं केलेलं घर.
जिन्याच्या कठड्याचे पाइप लिलावातल्या भंगारातले.
दिग्दर्शकाला नेमका तोच आवडला.
'असं घर आता पुण्यात मिळत नाही,' तो म्हणाला.
'तिथं कधीच नव्हतं,' बाबा म्हणाले.

पहिल्या दिवशी पाटी उतरली.
तु. ल. गजभिये, निळ्यावर पांढरी अक्षरं,
डब्यांवर नंबर टाकतात तशी स्टेन्सिलनं रंगवलेली.
तिच्या जागी पितळेची: वि. ना. अभ्यंकर.
पोस्टमन एलआयसीचं पाकीट घेऊन
फाटकापर्यंत आला, वाचलं, परत गेला.

बाबांचं नाव तुळशीराम,
पण अंगणात तुळस कधी नव्हती.
ट्रकमधून वृंदावन आलं, थर्माकोलचं,
एका पोरानं एका हातानं उचललेलं.
दुपारच्या वावटळीत ते उडून
रंगारींच्या गच्चीवर गेलं.
रंगारीकाकू घेऊन आल्या, 'बापा, हे तुमचं व्हय का?'
आईला पटकन सांगता येईना.

मग हॉलमधला फोटो, निळ्या कोटातला.
कला विभागातल्या मुलीनं
स्टुलावर चढण्याआधी चपला काढल्या.
दोन्ही हातांनी उतरवला,
बाबांच्या हातात दिला इतक्या हळू
की मला तिचं आडनाव विचारावंसं वाटलं.
विचारलं नाही.
अकरा दिवस फोटो आमच्यासोबत
कामठी रोडला, मावशीकडे पाहुणा.

भिंत तोवर पिवळी पडलेली, मेणबत्त्यांनी, वर्षांनी.
फोटोमागचा चौकोन तेवढा
पहिल्या दिवसाच्या रंगाचा.
त्यावर त्यांनी घड्याळ टांगलं,
लोलकाचं, बंद.

रोजचे सात हजार मिळाले.
आईचा डोळा झाला, गच्चीची गळती झाली.

हिवाळ्यात सिनेमा लागला. आम्ही सहा जण बर्डीवर गेलो.
आमच्या स्वैपाकघराचं दार उघडलं
की एकदम नदीकाठ.
आमचाच जिना चढलेला माणूस
निघाला दुसऱ्याच कुणाच्या गच्चीत.
'माझा रव्याचा डबा,' आई मोठ्यानं म्हणाली.

मध्यंतरानंतर थोरला घर विकायचं ठरवतो.
अभ्यंकरांची सून हॉलमध्ये रडते
आणि त्या शॉटमध्ये घड्याळ नाही.
पुसायला काढलं असेल कुणी, विसरलं असेल.
तिच्या खांद्यामागे तो चौकोन,
उभा,
तीन सेकंद.

बाबा खुर्चीतून अर्धे उठले.
'बसा ना काका,' मागून कुणी ओरडलं.
'दिसला का तुले?' बाबा मला विचारत होते, 'दिसला का?'

त्या आठवड्यात ते आणखी चारदा गेले,
एकटेच, दुपारच्या खेळाला.
चौथ्यांदा गेटवरच्या माणसाशी ओळख काढून
नुसते मध्यंतरानंतर शिरले.
'कंटिन्युइटीची चूक आहे ती,' मी म्हटलं.
'असन,' म्हणाले,
आणि फोटोची काच पुसत राहिले.

आता सिनेमा कुणाला आठवत नाही.
पाटी स्क्रू मारून जागेवर लागली, जराशी तिरकी.
अभ्यंकर मात्र ते लोक इथंच विसरले.
ती माळ्यावर आहे, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
वर्षातून एकदा बाबा खाली काढतात,
ब्रासो लावतात, फडक्यानं घासतात, अक्षरांच्या खाचांतूनसुद्धा.
कुणी न्यायला आलं तर असू द्या, म्हणतात.
पितळ आहे. काळं पडू देऊ नये.