सरस

आज चार हजार बोल्ट परत आले.
डोक्यावर फोड, देवी आल्यासारखे.
नख लावलं की जस्त पापुद्र्यानं निघतं,
उन्हानं सोललेली पाठच.
मॅनेजर म्हणाले, संघमित्रा, बघा जरा.
म्हणजे दोष शोधा,
आणि जमलं तर रात्रपाळीचा शोधा.

टाकीतलं दोनशे सदुसष्ट मिली मोजून
हल सेलमध्ये ओतलं.
नांगराशी संबंध नाही या हलाचा,
कुणा साहेबाचं आडनाव आहे.
तरी तास पाडतोच तो पत्र्यावर:
एका टोकाला विजेची दाटी, तिथं करपतं,
दुसऱ्या टोकाला ती पोचता पोचत नाही, तिथं मळकट,
आणि मधली चार बोटं चकाकी.
त्या चार बोटांवर वाळूजच्या या शेडमधले
अठरा पगार.

आज मात्र टोकापासून टोकापर्यंत आरसा.
चष्म्याची तुटलेली दांडीसुद्धा दिसली मला त्यात.
पत्रा वाकवला.
कट्.

ब्राइटनरचा कॅन हुंगला, बडीशेपेचा गोड वास,
हॉटेलात बिलाबरोबर येतो तसा.
कॅन सोमवारी भरलेला. आज बुधवार. तळ दिसतोय.
वैजनाथ खाली बघत म्हणाला,
मॅडम, चमक कमीय म्हणले होते,
मग म्या मगानं घातलं.

गफूर मिस्त्रींच्या काळी कॅन नव्हते.
रात्री सरस भिजत घालायचे, सकाळी गाळून टाकीत,
कधी नुसतं काकवीचं पाणी.
मी बीएस्सी होऊन आले तेव्हा
पुस्तकात नव्हतं तेवढं त्यांनी सांगितलं:
बेटा, जस्ताला मुळातच घाई.
जिथं आधीच उंचवटा, तिथंच जाऊन बसतंय,
चढलेल्यावर चढतंय,
बाभळीसारखे काटे फुटतात,
हात लावला की काळी भुकटी.
म्हणून त्यात जित्या गोष्टीचं काहीतरी घालायचं.
खुराचं, कातड्याचं, उसाचं.
ते नेमकं उंचवट्यावर जाऊन बसतं
आणि येणाऱ्याला म्हणतं, थांब,
आधी खड्ड्यात जा.
पण म्हणणारेच फार झाले,
तर धातूत धातू कमी, म्हणणारेच जास्त.
मग फुगतं. मग फुटतं.

रात्रभर कोळशाची पूड ढवळली टाकीत.
वैजनाथ फावड्यासारखा दांडा फिरवत होता,
एकदाही बसला नाही, मी म्हटलं तरी.
पहाटे गाळलं.
पाणी नितळ, वास गेलेला.
पत्रा लावला, आणि आला
राखाडी, खरखरीत, कडेला काटेच काटे:
कुणीच थांब न म्हटलेलं जस्त.

मग पिपेट. एक थेंब. पत्रा.
आणखी एक. पत्रा.
पाचव्या पत्र्यावर उजाडल्यासारखं काहीतरी,
आरसा नव्हे,
घासलेल्या तांब्याच्या पोटाइतकं.
वाकवला. वाकला.

रिपोर्टात कारणाचा रकाना दोन इंच.
'ब्राइटनर प्रमाणाबाहेर; मोजमाप लावलेले नव्हते'
एवढं मावलं.
रात्री कोण होतं, हा रकाना
मी पुसट शाईच्या पेनानं भरला
आणि कागद फाइलीत मधे लावला.

संध्याकाळी सिल्लेखान्यात गेले, खिशात नवा बोल्ट.
मिस्त्रींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
चमक त्यांच्या उपयोगाची नाही.
अंगठा फिरवला त्यांनी, आधी डोक्यावर,
मग आट्यांच्या खाचेत, नखाच्या टोकानं,
बराच वेळ.
'सरस,' म्हणाले.
कुठला, ते मी विचारलं नाही.

चहा येईपर्यंत बोल्ट त्यांच्या मुठीतच होता.
'त्या पोराला पिपेट धरायला शिकव,
बोट कुठं ठेवायचं ते दाखव,' म्हणाले,
'मला कुणी दाखवलं नव्हतं.
लई टाक्या नासवल्या मी.'