एक फुल, एक हाफ

उदगीरच्या आमच्या अध्यापक विद्यालयात
वर्ग दोनच्या भिंतीला एक तक्ता आहे.
मीच रंगवलेला, सत्त्याण्णव साली, पोस्टर कलरनं.
आठ रकाने. विश्वास की अविश्वास, इथून सुरू;
शेवटी, जिथं ओल धरून कागद फुगलाय,
समाधान की हळहळ.

दरवर्षी मी त्यावर पट्टी टेकवते
आणि म्हणते, विकासाचे टप्पे. घ्या लिहून.
मुलं घेतात. दहा मार्कांना हमखास.

यंदा अयोध्या मुंडकर उभी राहिली.
चोवीस वर्षांची. पोरगं सासूपाशी ठेवून हाळीहून येते.
"मॅडम, पाचवा टप्पा, मी कोण.
सहावा, जोडीदार.
माझा सहावा सोळाव्या वर्षीच उरकला.
पाचवा राहिला की.
आता भरता येतो का?"
लेट फी किती, असं विचारावं तसं.
वर्ग हसला. ती नाही हसली.
मी म्हणाले, उद्या सांगते.

घरी अण्णा.
बत्तीस वर्षं कंडक्टर, उदगीर ते अहमदपूर.
जेवलो की नाही हे आता आठवत नाही त्यांना,
टप्पे आठवतात:
हाळी, हंडरगुळी, शिरूर ताजबंद,
कुठल्या साली कुठं किती पैसे वाढले तेसुद्धा.

भात कालवता कालवता विचारलं,
अण्णा, टप्पा म्हणजे काय हो?
घास हातातच राहिला.
"भाडं बदलायची जागा.
गाव न्हवं ते. तिथं कुणी राहत नसतंय.
माणसं अलीकडं राहतेत, न्हाय तर पलीकडं.
हात करतेत. आपण घ्यायचं."

आणि मग एकदम, जणू कालच घडलेलं:
"हंडरगुळीच्या बाजाराला एक बाई.
पोरगं मांडीवर दाबून धरलेलं, पदराखाली.
म्हनली, पाचाच्या आतलंय.
पोरगं पदरातनं तोंड काढून म्हनलं,
न्हाय! मी सात वर्साचाय! मला पाढे येतेत!"

बाई मेल्याहून मेली.
गाडीभर हसू.
"मग? हाफ फाडलं?"
"फाडलं. पैसे माझ्या खिशातले.
पर त्याच्या हातात दिलं. तिच्या न्हाय.
अहमदपूरपस्तोर मुठीत धरून बसलं बघ,
खिडकीकडं बघंना का काय बघंना."

माझ्या तक्त्यात हा चौथा रकाना:
मला जमतं, की मी कमीच.
मी तो तीस वर्षं शिकवतेय.
मुठीबद्दल कधी काही बोलले नाही.

रात्री वही काढली. अयोध्यासाठी चार ओळी लिहाव्यात म्हणून.
लिहिलं: टप्पा हे गाव नव्हे.
खोडलं. परीक्षेत चालणार नाही.
पुन्हा लिहिलं.

स्वतःचा रकानाही पाहिला, सातवा:
पुढच्यांना देणं, की नुसतं साचणं.
मूल नाही मला. अठ्ठावीस बॅचेस आहेत.
कुणी रस्त्यात भेटलं तर वाकून नमस्कार करतं
आणि मला नाव आठवत नाही.

अण्णांचा रकाना आठवा असायला हवा.
पण समाधानी आहात का, असं विचारायचं तर
कशाबद्दल, ते आधी आपणच सांगावं लागतं.

दुसऱ्या दिवशी अयोध्या आली नाही. पोराला ताप.
तिसऱ्या दिवशीही नाही.
कागद माझ्या पर्समध्ये,
घडीवर घडी, तिकिटाएवढा झालेला.

काल संध्याकाळी मी दार उघडून आत आले
तर अण्णा पलंगाच्या दांडीला धरून उभे,
किंचित डुलत, रस्ता खराब असल्यासारखे.
"बाई, कुठनं बसलाव?"
उदगीर, म्हटलं.
"कुठं उतरायचंय?"

मला सुचलं नाही.

त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली.
मग वर्तमानपत्राचा कोपरा फाडला,
दोन बोटांनी त्याला भोक पाडलं, नीट, मधोमध,
आणि माझ्या हातात दिला.
"बसा. फुडं गर्दी कमी हुतीय.
आन् सुट्टे काढून ठिवा."