नव्वद अँपियर

लेंगऱ्याचे हिंदुराव, चाळीस वर्षं त्रिचूरला गलाईत.
जुन्या सोन्यातनं तांबं वेगळं काढता काढता
तेजाबाचा धूर तेवढा छातीत साठवून परत आले
आणि एक जुनी ट्रॅव्हलर घेऊन
विट्यात, मायणी रोडला, माझ्या दुकानापुढं उभे राहिले.

आत पलंग, शेगडी, पत्र्याची एवढीशी मोरी.
राजाक्कांनी शिवलेले पडदे.
आणि उशाशी, देव्हारा असावा तिथं,
ऑक्सिजनचं यंत्र.

"मुलाणी, वीज कुठनं घ्यायची सांगा.
जनरेटर का अल्टरनेटर?"

मी खडूनं शटरवरच हिशेब मांडला.
साडेतीनशे वॅट, आठ तासांची रात्र,
मधल्या मधे इन्व्हर्टर खातो तो वाटा.
अल्टरनेटर नव्वदचा, पण नव्वद कागदावर.
गाडीला स्वतःचं पोट आहे, तापणं आहे;
पलंगाखालच्या बॅटरीला पन्नास धरून चाला.
पाच तास पळाल
तेव्हा एक रात्र हातात पडेल.

जनरेटरला पळावं लागत नाही.
मांडवामागं फटफटतो तसा
एका जागी उभा राहून देतो.
पेट्रोल पितो, धूर सोडतो, शेजाऱ्याची झोप मोडतो.

"गाडी पळणारच की," हिंदुराव म्हणाले,
"थांबायला का निघालोय?"
आणि ताप आला, दोन दिवस कुठं पडून राहिलात तर?
ते खडूच्या आकड्यांकडं बघत खोकले.

भाळवणीच्या बँजो पार्टीनं उधारीपोटी टाकलेला
जनरेटर कोपऱ्यात होता. ओढून बाहेर काढला, चालू केला.
राजाक्का पदराला हात पुसत खाली उतरल्या.
बराच वेळ ऐकत राहिल्या. मी बंद केला.

"आवाजाचं सोडा, भट्टीच्या ब्लोअरशेजारी पोरं वाढवली मी.
मला एवढंच सांगा,
रात्री दोनला यंत्र बंद पडलं
आणि हे उठण्यातले नसले,
तर ह्या दोन्हींतलं मला कुठलं सुरू करता येईल?"

बत्तीस वर्षं तारा जोडतोय.
वॅट विचारतात, ॲव्हरेज विचारतात, गॅरंटी विचारतात.

त्यांनी दोरी ओढली.
खांदा धरून परत ओढली.
तिसऱ्यांदा जनरेटर खोकल्यासारखा करून गप झाला.
कुणी हसलं नाही.

मग किल्ली.
ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. गिअर मोकळा, हँडब्रेक वर.
अर्धी फिरवा, थांबा, आता पूर्ण.
नुसत्या उभ्या इंजिनवर जेमतेम तीस निघतात,
म्हणून डॅशखाली हँड थ्रॉटल बसवला, लाल मुठीचा.
सुई इथं येईस्तोवर ओढायचं, म्हणून काचेवर बोट ठेवलं.
खूण करायला काही मिळेना,
तर त्यांचा हात कपाळाकडं गेला.
"ती नको," मी म्हटलं. जरा जोरातच.
त्यांनी बटव्यातनं पाकीट काढलं,
कोरी टिकली लावली मीटरवर.

सायलेन्सरचा पाईप मागं वाढवून दिला.
डावी खिडकी रात्री उघडायची नाही, तीनदा सांगितलं.
गुरुवारी गेले.

जनरेटर अजून इथंच आहे.
लाईट गेली की त्याच्यावर ग्राइंडर चालवतो.
माझ्या हातानं पहिल्या ओढीत सुरू होतो.

मार्गशीर्षात रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी फोन.
राजाक्का बोलल्या नाहीत.
फोन नुसता गाडीत धरला असावा.
अंथरुणात बसून ऐकलं:
इंजिन फिरतंय, सुई टिकलीच्या जरा अलीकडं असणार.
त्याच्या मागं ते यंत्र, फुस्स, थांबून, फुस्स.
आणि सगळ्याच्या वर एक बारीक किंचाळी.

"पट्टा सैल झालाय," मी म्हटलं.
"सकाळी कुणाकडनं तरी बोटभर ताणून घ्या.
आत्ता लाल मूठ थोडी ओढा.
आणखी थोडी."

ओढल्याचं ऐकू आलं.