उरलेली टेप

माझं लग्न सदतीस मिनिटांचं होतं.
त्यातली अकरा उरली.

अकराव्या मिनिटाला बाबा माझा हात धरतात,
वाल्सचं पहिलं पाऊल.
उजवा बूट उचललेला,
आणि पडद्यावर मुंग्याच मुंग्या.
मग तळघर.
तो बूट अजून टेकलेला नाही.

कॅमेरा एलेउतेरिओचा. लग्नं, बारशी, एखादी मयत.
भाचा विल्बेर सतरा वर्षांचा. कोऱ्या टेपला पैसे कुठले?
हाताला लागली ती उचलली,
नेमकी माझी.

त्या वर्षी लिमात विजेचे मनोरे कोसळायचे
आणि रात्री एकला रस्ते बंद.
एकदा आत गेलं की पाचपर्यंत आत.
म्हणून ती पोरं पाचपर्यंत वाजवायची,
टायरवाल्याच्या दुकानाखाली,
ग्रीसच्या डब्यांचा ड्रम,
गिटारला एक तार टेलिफोनची.

मी विल्बेरला काय काय बोलले, ते इथे नको.
सासू टेप कचऱ्यात टाकायला निघाली होती.
टेप राहिली कपाटात, टेबलक्लॉथच्या घडीत.

बाबा गेल्यावर नवव्या दिवशी लावली.
बूट बघायचा होता, एवढंच.
बूट आला. बटणापर्यंत हात पोचला नाही.

एक पोरगी.
डोकं भादरलेलं, तेही घरच्याच कात्रीने,
कानामागे एक झुपका विसरलेला.
शाळेचा स्वेटर उलटा घातलेला.
गात होती म्हणवत नाही.
नवरा आतून ओरडला, मांजर अडकलंय का कुठे?
मी म्हटलं, हो.

मग दिवे गेले.
कॅमेरा बॅटरीवर, तो चालूच.
काळं. नुसतं काळं, आणि डबे,
आणि तिचा घसा,
माईकशिवाय,
जणू वीज गेल्याचं तिला कुणी कळवलंच नव्हतं.
कुणीतरी काडी ओढली.
काडीभर चेहरा दिसला.
हसत होती.

तिसऱ्यांदा बघताना ओळखलं.
टेप मागे नेली, लग्नात, सातव्या मिनिटाला.
माझ्या खांद्यामागून ताट घेऊन जाते ती,
डोक्याला रुमाल घट्ट,
जेवणवाल्या बाईंकडची रुफिना.
कॅमेरा तिच्यावरून सरकतो
जसा खुर्चीवरून सरकावा.
आणि आठवड्याने तोच कॅमेरा
तिच्यावरून नजर काढू शकत नव्हता.

परवा सिनेमावाली मंडळी आली. सभ्य पोरं.
म्हणाली, सेन्योरा, त्या रात्रीचं दुसरं काहीच उरलेलं नाही.
सुरुवातीचं लग्न तेवढं कापू.
मी कॉफी ठेवली आणि म्हटलं,
लग्नासकट, नाहीतर नाही.

लावलं त्यांनी, लग्नासकट.
केकला लोक हसले. माझ्या बाह्यांना तर फारच.
अंधाराच्या भागात कुणी खोकलंसुद्धा नाही.

रुफिनाचं विचारलं मी सगळ्यांना.
कुणी म्हणतं, इटलीत म्हाताऱ्यांची सेवा करते.
कुणी म्हणतं, आरेकिपात कोंबड्या पाळल्यात.
विल्बेर काहीच म्हणत नाही.

आता टेप लावली की मी नवरी बघत नाही.
मागे बघते, सातव्या मिनिटाला.
ताट जरासं कललंय,
आणि वाल्स चालू असताना
तिचा पाय
भलताच कुठलातरी ठेका धरतोय.