एक वर्षाआड

वाटणीत विहीर अर्धी झाली,
बैलजोडी विकून पैसे अर्धे झाले.
महालक्ष्म्या अर्ध्या कशा करायच्या?
एक ज्येष्ठा तिकडं, एक कनिष्ठा इकडं, असं काही चालते का.
मग ठरलं, एक वर्ष थोरल्या घरी, एक वर्ष आमच्या.
पेटी मात्र एकच. टिनाची, हिरवी,
कडीत सुतळी ओवलेली.

यंदा पाळी माझी.
पियूषनं सायकलच्या कॅरिअरवर आणून ओसरीत उतरवली.
"काकू, आईनं देल्ली," एवढंच म्हणाला,
चहाला थांबला नाही.

बेबीबाई नि मी चार वर्षं झाली बोलत नाही.
कशावरून, ते दोघींनाही आता धड सांगता यायचं नाही.
धुऱ्यावरच्या बोरीपासून सुरू झालं होतं, एवढं आठवते.

पेटी उघडली तर आधी कापराचा वास,
मग कडुलिंबाचा वाळका पाला.
झुरमुळ्या रंगारंगाच्या वेगळ्या, रबर लावून.
मी तर नुसत्या कोंबल्या होत्या,
रागात, ओल्या हातांनी, कुंकवाच्या डागांसकट.
म्हणजे तिनं एखादी दुपार घातली असेल त्यात,
उंबऱ्यात बसून, गाठीगाठीला माझ्या नावानं बोटं मोडत.

लायटिंगची माळ पुठ्ठ्याला गुंडाळलेली.
पुठ्ठ्यावर पेननं, चौथीपर्यंतच्या अक्षरात:
'चवथा दिवा ढिल्ला हाय. दाबजो.'
कोणी, ते लिहिलं नाही.
मी दाबला.
अख्खी माळ एकदम लागली
आणि मी उगाच मागं वळून पाहिलं.

मग मुखवटे.
कनिष्ठेचा डावा कान माझ्या हातून गेला होता, दोन वर्षांमागं,
चौरंगावरून उतरवताना.
टवका कापसात लपवला, कोणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही.
आता कान जागेवर.
शाडू भरून, वरून रंग दिलेला, जरासा गडद,
जवळून पाह्यलं तरच कळते.
आणि ज्येष्ठेभोवती जे लुगडं गुंडाळलं होतं,
निळ्या फुलांचं, दर्यापूरच्या बाजारातलं,
ते आम्ही दोघींनी एकाच दिवशी घेतलं होतं, एकसारखं.
माझं कधीच फाटून पोतेरं झालं.

तीन दिवस घर दिवाणखान्यासारखं झालं.
कोठ्यांत ज्वारी भरली, कापसाचे हात लावले,
फुलोऱ्याच्या करंज्या दोऱ्याला डुलत राहिल्या
आणि माळेचा चौथा दिवा मधूनच डोळा मिटे,
मी येता-जाता दाबत होती.
बाया म्हणाल्या, मुखवटे नवे आणले का वो?
म्हटलं, जुनेच आहेत.

ती आली तिसऱ्या रात्री.
सगळ्यांच्या मागं उभी. हात जोडले,
नजर नेमकी कानावर.
मी करंडा घेऊन गेली तर कपाळ पुढं केलं.
बोलली नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी अक्षता टाकून मुखवटे हलवले,
की लगेच त्या शाडूच्या होतात, हे मला अजून सवयीचं झालं नाही.
ज्वारी पुन्हा डब्यात. हात उतरवून एकावर एक.
सेफ्टीपिना मोजल्या, सदतीस. एक हरवली.
झुरमुळ्या रंगारंगाच्या केल्या, बोटं कोरडी करून.
निळं लुगडं धुऊन, वाळवून, जसं होतं तसंच गुंडाळलं.

पुठ्ठ्याची मागची बाजू कोरी होती.
पेन घेऊन बराच वेळ बसली.
बोरीबद्दल लिहावं वाटलं, मग वाटलं नको.
लिहिलं: 'दिवा बदलला.'
थोड्या वेळानं, त्याच्या खाली: 'कान पाह्यला.'

पेटी अजून ओसरीतच आहे.
सोयाबीनची सोंगणी लागली, पियूषला सवड नाही.
कोंबडी दोनदा तिच्यावर चढून बसली, हाकलली.
घर काही लांब नाही त्यांचं,
दोन गल्ल्या, मधात मारुतीचा पार.
काल उचलून पाहिली.
वजन फार नाही.