आकृती तीन

आमच्या वर्गात पाचजण.
बाहुबली मगदूम जयसिंगपूरहून एसटीनं येतो,
शेवटच्या बाकावर घाम पुसत
नाकातला स्वर काढायला बघतो.
मॅडम म्हणतात, अनुस्वार समजा, पण ओठ मिटू नका.
खिडकीखाली विद्यापीठाचा मोर ओरडतो.
आमच्यात त्याचाच उच्चार बरा.

देशिंगकर मॅडम पुण्याच्या.
पहिल्या दिवशी मी म्हटलं, मॅडम, मी जातो.
त्यांनी खडू खाली ठेवला.
जाते, बाळ. मी जाते.
आता सुभाषनगरातल्या सगळ्या पोरी
येतो म्हणतात, जेवतो म्हणतात,
लग्न करून सासरीसुद्धा जातो म्हणूनच जातात,
हे त्यांना कुणी सांगायचं?

मग त्यांनी फळ्यावर लिहिलं:
फ्रेंचमध्ये प्रत्येक वस्तू एक तर तो, नाही तर ती.
पुस्तक तो. टेबल ती.
ते नाहीच.
ते लेकरू, ते पाखरू, ते कातडं
दाराबाहेर उभं राहिलं
आणि आत कुठल्या रांगेत बसायचं
ते त्याला कळेना.

शब्दांच्या शेवटी अक्षरं असतात,
लिहायची, पण बोलायची नाहीत.
बाहुबलीला याचा फार राग.
मला अवघड गेलं नाही.
शाळेत मी आडनाव असंच सांगायचो,
अर्धं मोठ्यानं, उरलेलं गिळून.

दुपारी सांस्कृतिक इतिहास.
पावाचा भाव किती चढला,
बाजारातल्या बायका पावसात चालत
राजाच्या महालापर्यंत कशा गेल्या.
मॅडम सनावळी सांगत होत्या.
मी विचारलं, त्यांच्या पायांत काय होतं?
वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत.
पुढच्या मंगळवारी त्यांनी एक जुनं चित्र आणलं,
तांब्यावर कोरून छापलेलं:
चांभाराचं दुकान, अडीचशे वर्षांपूर्वीचं.
उंच खिडकी, तीन कारागीर,
खाली हत्यारं ओळीनं मांडलेली.
आरी. तिकडं अलेन.
आरी तिथंही ती.
मला उगाच हसू आलं,
परगावी मावशी भेटावी तसं.

घरी आप्पा वेणी घालत होते,
कानापाशी वादी दातांत धरून.
बाभळीच्या सालीचा वास,
रेडिओवर कुणाच्या तरी कुस्तीचा निकाल.
मोबाईल पुढं धरला.
त्यांनी हात लुंगीला पुसले,
दोन बोटांनी चित्र मोठं करायला शिकवलं
तर एकदम रापीवर जाऊन थांबले.

बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, ह्यानं धरलीय चुकीची.
अंगठा पात्याच्या वाटंत हाय.
पयल्याच घावाला गेला असता.
ज्यानं चित्र काढलंय
त्यानं कातडं कापल्यालं न्हाई.
आणि हेचं नाव काय?

नाव नव्हतं.
खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं,
आकृती तीन.

आप्पांनी वादी परत दातांत धरली.

सत्राच्या पेपरात प्रश्न आला:
चित्रांतून कारागिरांचे जीवन कसे दिसते?
मी लिहिलं, दिसतं, पण बघणाऱ्याला जेवढं दिसलं तेवढंच.
अंगठ्याचं लिहिलं. आरीचं लिहिलं.
भूतकाळ वापरला तो,
जो फक्त पुस्तकात असतो,
कुणी तोंडानं बोलत नाही.
क्रियापदं तीनदा तपासली.

पेपर परत मिळाला.
समासात लाल शाईनं, बारीक:
निरीक्षण उत्तम. संदर्भ?

बाहुबली म्हणाला, कुठलं तरी पुस्तक टाक की.
लायब्ररीत गेलो, कपाट उघडलं,
परत लावलं.
मग त्या प्रश्नचिन्हाशेजारी,
जागा कमी होती म्हणून वळवून वळवून, लिहिलं:
दुसरी गल्ली, पाण्याच्या टाकीमागं, सुभाषनगर.
पुढं आडनाव.
सगळी अक्षरं.