कोणीही

सेलूच्या स्टेशन रोडवर, झेरॉक्सला लागून
निसारभाईंचं दुकान. तिथं मी दिवसभर पानं लावते:
लग्नपत्रिका, जावळ, श्रद्धांजली,
बिनविरोध निवड झाल्याबद्दल हार्दिक.
यंदा शाळेची स्मरणिका आली.
पान चौदा, आपल्या भागातल्या बारवा.
लेख हातानं लिहिलेला. फोटो नाही.
टाकळकर सर म्हणाले,
"घे की नेटवरून एखादा. ढिगानं पडलेत."

खळ्यावरची रासही ढिगानंच पडलेली असते, सर.
हे मी म्हणाले नाही.
नुसतं खिळ्याकडं बघितलं,
पुण्याच्या वकिलाचं पत्र दोन वर्षं लटकलंय तिथं:
कॅलेंडरवरच्या एका मोराचे अठरा हजार.
निसारभाईंनी तीन हप्त्यांत भरले.
तो मोर अजून त्यांच्या झोपेत येतो म्हणे,
पिसारा मिटून,
पावती मागायला.

तेव्हापासून मी आधी परवाना शोधते, मग चित्र.

साडेसातला, लाईट जायच्या आत, सापडली.
उतरत्या पायऱ्या, कोनाड्यात पारवा, तळाला शेवाळी पाणी.
छायाचित्र: रियाज पटवेकर, जिंतूर.
खाली परवाना. एरवी मी नुसतं चिन्ह बघते,
त्या दिवशी अख्खा वाचला.
वापरावं कोणीही.
बदलावं कोणीही.
विकावं, तेही कोणीही.

कोणीही.

बारव ओळखीची निघाली. बापाच्या गावची.
मोठी माय तिच्या काठाला, दहा हात लांब,
रिकामी घागर भुईला टेकवून उभी राहायची
दुसरी कोणी पोहऱ्यातून ओतेपर्यंत.
कधी ऊन कलेपर्यंत.
विचारलं तर सांगायची,
"पाणी कवा दिसलं न्हाई बाई,
घागर बुडल्याचा आवाज तेवढा ठाव हाय."

मी चित्र मोठं केलं.
माऊसचं चाक फिरवत उतरले,
तिसरी पायरी, सातवी, अकरावी,
पाण्यापाशी.
कोणी हटकलं नाही.

अटी होत्या. नाव द्या.
बदल केला तर तसं सांगा.
त्यातून जे घडवाल तेही असंच मोकळं ठेवा.
आडनाव कुठंच विचारलेलं नव्हतं.

सर पुन्हा आले. "हे नाव कशाला खाली?
काढलं तर ट्रॅक्टरवाल्याची जाहिरात बसती."
म्हटलं, नाव राहील सर.
सहा पॉइंटात राहील, पण राहील.
बारवेच्या शिळेवर कोण्या सरदाराचं आहे की,
दगड वाहणाऱ्यांचं कुठंय?
सर घड्याळ बघत म्हणाले, बरं बरं.

एक गोष्ट मात्र अडली.
चित्रात उजवीकडं एक बाई कपडे आपटतेय,
पाठमोरी, पदर खोचलेला.
रियाजनं तिला विचारलं होतं का?
परवान्यात तिच्यावर एक ओळ नाही.
मी तेवढा भाग कापला
आणि नावापुढं लिहिलं: उजवी बाजू कापली आहे.

स्मरणिका छापून वाटून झाली.
ती ओळ एकट्या निसारभाईंनी वाचली,
चष्मा कपाळावर ढकलून, दोनदा.

कापलेला तुकडा मी टाकून दिलेला नाही.
ठेवायला गेलं की
कॉम्प्युटर चौकट उघडून थांबतो:
फाईलला नाव काय द्यायचं?